काउबॉय टोपीतली योगशिक्षिका

नागपूर स्टेशनवर गाडी हलायची वेळ झाली तेव्हा बाबा माझ्याकडे नाही, आमच्या सुटकेसकडे बघत होते. त्यांनी स्वतः वाकून त्या बर्थखाली साखळीनं बांधल्या होत्या आणि कुलपाची किल्ली नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, न देता माझ्या हातात दिली होती. मुंबईहून विमान होतं, पुढे लंडन, आणि त्याच्याही पुढे बेसिंगस्टोक नावाचं एक गाव, ज्याचा उच्चार आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, कुणालाच धड जमत नव्हता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे निरोपाच्या वेळी रडायचं काम नेमकं कुणाचं हे आम्हा बापलेकीला ठाऊक नव्हतं. शेवटी बाबा खिडकीच्या गजाशी आले आणि म्हणाले, "तिकडं आपल्याला कोणी ओळखत नाही, म्हणून कसंही वागायचं नसते." मी मान हलवली. गाडी पुढे गेली आणि मी किल्ली पर्समध्ये टाकली.

तुमच्यातले जे माझ्यासारखेच निघून आले, त्यांच्याही घरच्यांनी असं एखादं वाक्य बांधून दिलं असेल. लोणचं दोन महिन्यांत संपतं, वाक्य मात्र पुरून उरतं. माझं तर चांगलंच पुरलं.

दोन हजार तीनचा हिवाळा होता. नितीनचं ऑफिस बिझनेस पार्कमध्ये. सकाळी अंधारात जायचा, संध्याकाळी अंधारात यायचा. गावात राउंडअबाउटच इतके की पहिल्या आठवड्यात मी चालत दुकानात निघाले आणि फिरून आमच्याच दारात येऊन उभी राहिले. माझं एम.कॉम. तिथे कुणाला नको होतं. दुपारभर मी घर हूव्हर करायची, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरनं झाडायची. कार्पेट स्वच्छच असायचं, तरी करायची, कारण त्या यंत्राचा आवाज तरी व्हायचा घरात. बाबांना फोनवर सांगायची, सगळं छान आहे. ते विचारायचे, "बोलायला कोणी आहे का?" मी म्हणायची, खूप आहेत.

लायब्ररीच्या बोर्डवर ती चिठ्ठी दिसली. दर मंगळवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, कंट्री अँड वेस्टर्न लाइन डान्सिंग, नवशिक्यांचं स्वागत. नाच या शब्दाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगसाठी कोळीनृत्यात माझी निवड झाली होती. घरी येऊन विचारलं, तर बाबांनी पेपर खाली न करताच सांगितलं, "आपल्या घरातल्या मुली स्टेजवर नाचत नसतात." विषय संपला. मग मी प्रेक्षकांत बसून दुसऱ्या मुलीला माझ्या जागेवर नाचताना बघितलं, आणि टाळ्याही वाजवल्या. त्या चिठ्ठीत पुढे लिहिलं नसतं की जोडीदाराची गरज नाही, तर मी आतही गेले नसते. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, एकाच दिशेला तोंड, कुणी कुणाचा हात धरायचा नाही. मला वाटलं, हे म्हणजे पीटीच झालं की. पीटीला बाबांची कधीच हरकत नव्हती.

वर्गात पंधरा-वीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, बऱ्याचशा नवरा गेलेल्या बायका. शिकवणारी ब्रेंडा ही शाळेच्या किचनमधून रिटायर झालेली, ठेंगणी, पांढऱ्या केसांवर काळी काउबॉय टोपी. मी सलवार-कमीज आणि स्पोर्ट्स शूज. पहिल्याच दिवशी एक लाथ मारल्यासारखं पाऊल आलं आणि माझा बूट जाऊन ब्रेंडाच्या घोट्याला लागला. ती माझ्या आईच्या वयाची. आपल्याला जे शिकवलंय तेच माझ्या हातानं केलं: मी जागच्या जागी वाकले, तिच्या पायाला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. मागची रांग माझ्यावर येऊन आदळली. ब्रेंडानं गाणं थांबवलं. "काय पडलं, लव्ह? इअरिंग?" आणि मी काही बोलायच्या आत ती सगळी म्हातारी माणसं गुडघ्यांवर बसून माझं कानातलं शोधायला लागली. एकीचे गुडघे तर असे करकर वाजत होते की मला ऐकवेना. कानातली दोन्ही माझ्या कानांतच होती. पण 'आमच्यात पाय लागला की नमस्कार करतात' हे एवढं सांगायची मला इतकी लाज वाटली की मी जमिनीवरून काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि म्हणाले, "फाउंड इट!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझा स्वभाव हा असा आहे. लोकांचा गैरसमज झाला की तो दूर करण्यापेक्षा मी त्यात राहायला जाते.

तरी पुढच्या मंगळवारी गेले, आणि त्याच्या पुढच्याही. ग्रेपव्हाइन म्हणजे पाय मागून ओलांडत बाजूला सरकायचं, शफल म्हणजे झटपट तीन पावलं. एका भिंतीकडे तोंड करून नाच पुरा झाला की वळून दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून तोच पुन्हा, असं चारही भिंतींकडे. सोपं होतं आणि मला येत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत मला येतंय असं दुसरं काही नव्हतं. मग बूट घेतले, मग टोपी. घरी आले की टोपी वॉर्डरोबमध्ये गाद्यांच्या चादरींमागे जायची. नितीन हसायचा, पण घरी मित्र यायचे असले की तोच आठवण करायचा, "तुझी ती टोपी आत ठेवलीस ना?"

एकदा बाबांचा फोन त्यानं घेतला. मी कुठे आहे असं बाबांनी विचारलं. मी हॉलवर होते. नितीन म्हणाला, "क्लासला गेलीय. योगा वगैरे." नंतर माझ्यावरच उखडला. "मग काय सांगू त्यांना? तुमची मुलगी काउबॉयची टोपी घालून नाचते?" पुढच्या फोनला बाबा इतके खूश होते की मला खरं सांगवेना. वर्षभरानं मी ब्रेंडाच्या हाताखाली नवशिक्यांना पावलं दाखवायला लागले, तेव्हा 'योगाला जाते'चं 'योगा शिकवते' झालं. नागपूरला लेआउटभर झालं आणि तिथल्या कुणाच्या तरी भाचीमार्फत लंडनमधल्या एजवेअरला, आमच्या मराठी मंडळातही पोचलं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण माझं खोटं माझ्या आधी सगळीकडे जाऊन बसलेलं असायचं.

अशात ब्रेंडाचं कमरेचं हाड बदलायचं ठरलं. डॉक्टरांनी नाच बंद सांगितला. हॉलच्या कमिटीचा नियम होता की वर्ग घ्यायला परीक्षा पास झालेला इन्स्ट्रक्टर हवा, नाहीतर हॉल नाही. "तू दे परीक्षा," ब्रेंडा म्हणाली. "नाहीतर या सगळ्याजणी मंगळवारी घरी बसतील. आणि घरी त्यांना कोण आहे, लव्ह?" घरी कुणी नसणं म्हणजे काय हे मला हूव्हरमुळे माहीत होतं. मी हो म्हटलं. दोन महिने त्या पावलांच्या व्याख्या पाठ केल्या. लेखी भागाची भीती नव्हती, भीती होती ती शिकवण्याची. लाइन डान्स शिकवणारा वर्गाकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे त्याचा उजवा पाय तो सगळ्यांचा उजवा. मला हे होईना. एकतर मोठ्या माणसांकडे पाठ करून उभं राहू नये हे अंगात मुरलेलं, आणि दुसरं म्हणजे जीन्समधला माझा मागचा भाग वीस जणांनी तासभर बघायचा या विचारानंच मला घाम फुटायचा. म्हणून मी वर्गाकडे तोंड करून शिकवायला जायची आणि सगळा वर्ग भलतीकडे जायचा. शेवटी मी जीन्सवर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालायला लागले आणि पाठ फिरवली. लाज गेली नाही, झाकली गेली.

परीक्षा नोव्हेंबरात होती. आणि जुलैत बाबा आले.

तीन महिने राहिले. आमच्या गळक्या नळाचा वॉशर बदलला, शेजारच्या माणसाला 'चीअर्स' म्हणायला शिकले, रोज संध्याकाळी स्वेटर घालून फिरायला जायचे. मंगळवारी मी 'योगाला' निघायची. बूट आणि टोपी गाडीच्या डिकीत. बाबा दारात येऊन म्हणायचे, "चटई नाही नेत?" मी सांगायची, तिथे असतात. वीज खात्यात जन्म काढलेला माणूस तो. दुसऱ्याच्या तारेवर आकडा टाकणाऱ्यांना त्यानं नुसत्या नजरेनं ओळखलेलं, त्याला मी चटया सांगत होते.

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला एजवेअरला गेलो. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, आरती झाली, जेवणाला अजून वेळ होता. मंडळाच्या सेक्रेटरीकाकू माइकवर म्हणाल्या, "आज आपल्यात बेसिंगस्टोकहून योगा टीचर आल्यायत बरं का! सीनियर्ससाठी काहीतरी लाइट घ्या ना प्लीज, चेअरवर बसून जमेल असं." बाबा पहिल्या रांगेत होते. शेजारच्या गृहस्थांकडे वळून त्यांनी सांगितलेलं मला ऐकू आलं, "माझी मुलगी." आता नाही म्हणायला जागाच नव्हती. मी माइक घेतला. मला शाळेतलं ताडासन सोडून काही येत नव्हतं, आणि तेही खुर्चीवर बसून होत नाही. मी म्हटलं, सगळ्यांनी डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. काय करावं सुचेना, म्हणून मी त्यांना बराच वेळ श्वास घ्यायला आणि सोडायला लावला. साड्या, झब्बे, दोन-तीन पुणेरी पगड्या, सगळा हॉल आज्ञाधारकपणे डोळे मिटून बसला होता. फक्त बाबांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, सुटकेस नीट बांधल्यात ना हे बघावं तसे. नंतर बायका येऊन सांगत होत्या, किती रिलॅक्स वाटलं, आणि मला तिथल्या तिथे नाहीसं व्हावंसं वाटत होतं.

परतताना नितीन गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. गाडी मोटरवेला लागली. मग बाबा समोर बघत म्हणाले, "लोकांना डोळे मिटायला लावणं सोपं असते."

नितीननं रेडिओ बंद केला.

"मागच्या महिन्यात मी फिरत फिरत त्या हॉलपर्यंत गेलो होतो," बाबा म्हणाले. "खिडकी मोठी आहे त्याची. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल." मग त्यांनी सीटबेल्ट सारखा केला. "सातवीत मी नाही म्हटलं तुला. बरोबर म्हटलं का चूक, ते सोड. पण तेव्हा तू येऊन विचारलं होतं. यावेळी मला कोणी विचारलंच नाही."

मी मागे बसून रडले, आवाज न करता. तोवर मला लाज वाटत होती ती नाचाची, टोपीची, माझ्या कमरेची. त्या गाडीत पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. मी इथे येऊन खाणं बदललं, कपडे बदलले, बोलणं बदललं, थंडीला 'चिली' म्हणायला लागले, आणि बाबांना मात्र सातवीत ते पेपर वाचत बसले होते त्या खुर्चीतून मी उठूच दिलं नव्हतं. तिथे ते एकटे राहायला शिकले होते, वरण-भात करायला शिकले होते, कोण जाणे आणखी काय काय शिकले होते. मी कधी चौकशी केली नाही. जे मागे राहिलात त्यांना हे सांगायचंय. आम्ही तुम्हाला प्लॅटफॉर्मवर होतात तसंच उभं करून ठेवलंय, आणि फोनवर बोलतो ते त्याच माणसाशी. तुम्ही केव्हाच घरी गेलेले असता.

बाबा ऑक्टोबरात परत गेले. विमानतळावर त्यांनी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. माझीही हिंमत झाली नाही.

परीक्षा दुसऱ्या गावी होती. दोन परीक्षक टेबलामागे, समोर अनोळखी नवशिक्यांचा गट, त्यांना अख्खा नाच शिकवून दाखवायचा. मी पाठ फिरवली, गाणं सुरू झालं, आणि घाबरून मी चक्क मराठीत ओरडले, "पाच, सहा, सात, आठ!" सगळा गट बरोबर तालावर निघाला. नंतर परीक्षकबाई म्हणाल्या, "ते काय होतं माहीत नाही, पण माणसं वेळेवर निघाली." मी पास झाले. ब्रेंडानं हॉस्पिटलच्या कॉटवरून फोनवर इतकी आरडाओरड केली की नर्सनं येऊन तिला गप्प केलं. मग नागपूरला फोन लावला. मी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. म्हटलं, "बाबा, मी नाचाची परीक्षा पास झाले." मग म्हणाले, "आली की दाखव."

मला वाटलं, सर्टिफिकेट दाखव म्हणतायत.

डिसेंबरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबांनी पुढच्या खोलीतला टीपॉय उचलून भिंतीला लावला, सतरंजी गुंडाळली आणि खुर्चीत बसले. "हं," म्हणाले, "दाखव." मी म्हटलं, बाबा, गाणं नाही, बूट नाहीत. ते म्हणाले, पाय आहेत ना? बाहेर नागपूरची ती कोवळी थंडी, समोरच्या फाटकाशी देशकरकाकू उन्हात मेथी निवडत बसलेल्या, पेपरवाला, दूधवाला, सगळा लेआउट जागा. मी दार लावायला उठले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "उकडून राहिलं."

आणि अंगातला स्वेटर न काढता ते स्वतः उठले, दाराची दोन्ही कवाडं पूर्ण उघडली, पडदा बाजूला सारला आणि परत येऊन बसले.

मी नाचले. सलवार-कमीजमध्ये, अनवाणी, गार फरशीवर, तोंडातल्या तोंडात आकडे मोजत. पहिल्या भिंतीला बाबा समोर होते, दुसरीला आईचा फोटो. तिसऱ्या भिंतीला वळले तर समोर सताड उघडं दार आणि दारात अख्खा रस्ता. देशकरकाकूंचा मेथीतला हात थांबला होता. मी थांबले.

मागून बाबांचा आवाज आला, "थांबली काऊन?"

मी पुन्हा सुरू केलं. काकू फाटकातून आत आल्या, मेथी निवडायचं सूप हातात तसंच, आणि पायरीशी उभं राहून विचारलं, "काय करून राहिली जी पोरगी?"

माझी पाठ बाबांकडे होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. आवाज ऐकू आला, आणि तो लेआउटच्या टोकापर्यंत गेला असणार. "नाच शिकवते ती. तिकडं, विलायतेत. परीक्षा पास झाली त्याची."

माझी लाज त्या दिवशी संपली असं मी लिहिणार नाही, कारण ती संपली नाही. मंगळवारी वर्गाकडे पाठ करताना कुर्त्याचं टोक मी आजही खाली ओढते. इथे लोक विचारतात, घर कुठलं तुझं. बेसिंगस्टोकला माझं मॉर्गेज आहे, माणसं आहेत, मंगळवार आहे. तरी मी नागपूर सांगते. तिथे मी लाजेनं अर्धी झाले, आणि तिथे माझ्या बापानं मला दार लावू दिलं नाही.